चाकू घ्यावा मिटून पाहून

माणसाच्या खिशावरून त्याचा धंदा ओळखावा, असे आमच्या निपाणीतली जुनी माणसे म्हणत. सराफाच्या खिशात भिंग, शिंप्याच्या खिशात खडू आणि तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या खिशात चाकू. वखारीत बोद येऊन पडला की व्यापारी सदऱ्याच्या खिशातून चाकू काढी, शिवणीचे दोन-चार टाके उसवी, आत हात घालून तळचा माल वर घेई, अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो चोळून नाकाशी नेई आणि मग भाव बोले. भाव ठरला की तोच चाकू पुसून त्याने पेरू चिरावा, किंवा एखाद्या पोराच्या पायातला बाभळीचा काटा काढावा, हे ओघानेच आले. कोल्हापूरकर वाचकांना निपाणी काही परकी नाही. तासाभराची वाट, आमच्याकडची कितीतरी लग्ने तुमच्या पेठांतून जमलेली. तेव्हा आमच्या खिशातली ही वस्तू तुमच्याही आजोबांच्या कोटात असणारच, असे धरून चार गोष्टी सांगतो.

आजच्या घरात चाकू म्हटले की स्वयंपाकघरातली सुरी डोळ्यांपुढे येते. जुन्या मराठी घरांत तसे नव्हते. भाजी विळीवर चिरली जाई, नारळ विळीवर खोवला जाई, सुपारीला अडकित्ता होता, शेतावर विळा आणि कोयता होता. चाकू या सगळ्यांत उपराच. शब्दसुद्धा फारशीतून आलेला. त्याची जागा घरात नव्हती, माणसाच्या अंगावर होती; धोतर-बाराबंदीच्या काळात कमरेच्या चंचीत, सदरा-कोट आल्यावर खिशात. घरातल्या मंगलकार्यात मात्र त्याला मान मिळे. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवऱ्या मुलाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देण्याची रीत आपल्याकडे आहे. ज्यांच्या घरी पिढीजात कट्यार आहे त्यांनी ती द्यावी. आमच्यासारख्या व्यापारी घरांत अडकित्ता किंवा खिशातला चाकूच कट्यारीचे सोंग घेई, आणि लग्न लागले की लिंबू टाकून, पाते पुसून पुन्हा खिशात जाई. आमच्या घरातल्या एका चाकूवर अशा तीन लग्नांच्या लिंबांचे काळे डाग होते.

दप्तरातल्या मंडळींचा चाकू वेगळा. त्याला कलमतराश म्हणत. कलम म्हणजे लेखणी, आणि तराश म्हणजे तासणे. बोरूचे टोक तिरपे छाटायचे, मध्ये बारीक चीर द्यायची, आणि मोडीच्या ओळी खाली ओढीत जायचे. बोरू झिजला की पुन्हा छाटायचा. या कामाला जोर लागत नाही, धार लागते. इंग्रजीतला पेननाइफही मुळात असाच, पिसाची लेखणी तासण्यासाठी केलेला. संस्थानातल्या तलवारी आणि जंबिये लोकांनी जपले, पाहुण्यांना दाखवले. कारकुनाचा कलमतराश कोण जपणार? एखाद्या जुन्या घरात शाईच्या दौतीशेजारी, मुठीवरचे हाड पिवळे पडलेला असा एखादा सापडला तर तो टाकून देऊ नये, एवढे सुचवतो.

मौज अशी की कलम या एका शब्दाचे तीन अर्थ आणि खिशातल्या चाकूचा तिन्हींशी संबंध. लेखणीचे कलम झाले. झाडाला बांधतात ते कलम दुसरे. आणि कायद्यातले कलम तिसरे. त्याची गोष्ट मागाहून.

हा विषय निघाला तो दुसऱ्या कलमावरून. माझ्या पुतण्याने तंबाखूचे एक रान मोडून रोपवाटिका घातली आहे. आंब्याची आणि चिकूची कलमे बांधतो. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "काका, रोज खिशात ठेवायला एक टिकाऊ चाकू घ्यायचाय. मोबाइलवर शंभर तऱ्हा दिसतात. कुठला घेऊ?"

प्रश्न साधा. पण घरातली मोठी माणसे क्षणभर गप्प झाली, कारण चाकू म्हटले की आमच्याकडे थोरल्या काकांचे बोट आठवते. थोरले काका तंबाखूचे पारखी होते. पानाचा जाडपणा, चिकटा, ओल हे सारे ते उजव्या तर्जनीने सांगत. डोळे मिटून सांगत. एका यात्रेत त्यांनी फिरत्या विक्रेत्याकडून चाकू घेतला. पाते आरशासारखे, धार केस तोडील अशी. त्या पावसाळ्यात वखारीच्या दारात भिजलेला काथ्याचा दोर कापताना पात्याचे टोक दोरात अडकले, मूठ पुढे ढकलली गेली, आणि पाते मिटले ते तर्जनीवर. जखम महिन्याभरात भरली. आतला स्नायुबंध तुटला होता, तो जुळला नाही. बोट पुढे कधी वाकलेच नाही. त्यानंतर काकांनी डाव्या हाताने माल पाहिला. "डाव्या हाताचा भाव दोन पैसे इकडचा तिकडे व्हायचाच," असे ते हसून म्हणत. पण बोद उघडला की उजवा हात आधी पुढे होई आणि मग मागे जाई, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

त्या चाकूच्या धारेत दोष नव्हता. दोष कमानीत होता.

मिटणाऱ्या चाकूत पाते एका खिळ्यावर फिरते, आणि मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लांब पट्टी असते. तिला आमच्याकडे कमान म्हणतात. उघडे पाते उघडे आणि मिटलेले मिटलेले राहते ते केवळ या कमानीच्या दाबामुळे. पाते, मूठ, नक्षी हे सारे गिऱ्हाइकाला दिसते. खिळा आणि कमान दिसत नाहीत. म्हणून स्वस्त चाकू करणारा काटकसर करतो ती तिथेच. म्हणून मी पुतण्याला आधी दुकानात नेलेच नाही, शिकलगाराकडे नेले.

शस्त्रांना धार आणि लकाकी देणे हा शिकलगारांचा पिढीजात धंदा. कोल्हापूर, मिरज, बेळगाव या पट्ट्यात हे आडनाव आजही जागोजाग भेटते. तलवारी संपल्या तेव्हा निपाणीत त्यांना तारले ते विडीच्या कात्रीने. या गावात पुरुषांच्या चाकूंनी जेवढे कापले असेल त्याच्या कितीतरी पट बायकांच्या कात्र्यांनी कापले आहे. तेंदूचे पान भिजवायचे, त्यावर पत्र्याचा फर्मा धरायचा आणि कडेने कात्री फिरवायची. हजार विड्या वळायच्या तर हजार तुकडे कापायचे. कात्रीचा खिळा सैल झाला की पान फाटते, घट्ट झाला की अंगठ्याचे मूळ सुजते. पान फाटले की नुकसान वळणारणीच्या पदरात. चांगले हत्यार कोणते हे या बायकांना जेवढे कळते तेवढे मोठमोठ्या दुकानदारांना कळत नाही, असे माझे मत आहे. विडीचे काम कमी होत गेले तशा शिकलगाराकडे येणाऱ्या कात्र्याही कमी झाल्या. आमच्या ओळखीचे चाचा आता उसाच्या कोयत्यांवर आणि खाटकांच्या सुऱ्यांवर दिवस काढतात. मुलगा गाड्यांच्या गॅरेजात आहे.

चाचांनी माझा जुना चाकू हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "शेट, समदी लोकं चाकू उघडून बगत्यात. तुमी मिटून बगा."

"म्हणजे कसे, चाचा?"

"हळू मिटवायचा. निम्म्याच्या म्होरं नेऊन बोट काडून घ्यायचं. आपल्या जोरानं खटकन् मिटला तर कमान जित्ती हाय. लुळा पडला तर मेली. आन् मिटल्यावर पातं दोन पत्र्यांच्या मदोमद बसाय पायजे. एका अंगाला घासलं तर खिळा वाकडा."

"आणि धार?" पुतण्याने विचारले.

"धार माज्याकडं ऱ्हाऊ द्या, बाळ. धार रोज जाती, रोज येती. खिळा एकदाच जातो."

पुढे त्यांनी आणखी एक दाखवले. चाकू उघडायचा, मूठ एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने पाते पाठीकडून पकडून डावी-उजवीकडे हलवायचे. हलले तर ठेवून द्यायचा, मग त्यावर कुणाचेही नाव कोरलेले असो. नावाचे म्हणाल तर आपल्या आजोबांच्या पिढीला शेफील्डचा रॉजर्स चाकू म्हणजे सोन्याची मोहर. पात्यावर चांदणी आणि क्रूस अशी त्याची खूण असे. ती खूण एवढी मान्य झाली की नकली मालावरही सर्रास उठू लागली. तेव्हा नाव पाहून घेतलेल्यांतले बरेच जण फसले, आणि कमान पाहून घेतलेले सहसा फसले नाहीत.

कमानीवर भागत नाही असे वाटून कारागिरांनी पाते अडकवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या काढल्या. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी एक लाकडी मुठीचा साधा चाकू केला. एक पाते, एक खिळा, एक मूठ. त्याला १९५५ मध्ये पात्याच्या मुळाशी फिरणारे एक कडे बसवले गेले. कडे फिरवले की पाते मिटू शकत नाही. इतकी सोपी गोष्ट. काकांच्या चाकूला असे कडे असते तर बोट वाचले असते. हल्लीच्या बऱ्याच चाकूंत मुठीच्या आतली एक पत्र्याची जीभ सरकून पात्यामागे उभी राहते. ती युक्तीही चांगली आहे, पण जीभ जाड हवी आणि पात्याच्या मुळाशी पुरती टेकलेली हवी. चाकू घेताना मुठीत डोकावून तेवढे पाहावे.

आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हटले की रामपुरी. रामपूर हेही संस्थानच, नवाबांचे. तिथल्या कारागिरांची कामगिरी मोठी नाजूक होती. हिंदी सिनेमाने तो चाकू खलनायकांच्या हाती दिला आणि कारागीर बदनाम झाले. २०२३ मध्ये त्या शहरात चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याची आठवण जागवली गेली आहे. पण खटका दाबताच उडणारे लांब पाते हे कलम बांधायला, सुतळी तोडायला की कैरी चिरायला? रोजच्या खिशात रामपुरी ठेवणे म्हणजे भाजी आणायला घोड्यावरून जाणे.

पोलादाविषयी लोक फार बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. साधे पोलाद लवकर धार घेते, दगडावर चार हात फिरवले की पुन्हा तयार होते, पण लिंबू, चिंच, कैरी यांनी काळे पडते आणि ओले राहिले तर गंजते. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये ओतले. तो चाकूंसाठी नव्हे, बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होता. त्याच्या पोलादात जवळजवळ तेरा टक्के क्रोमियम होते. शेफील्डचे चाकूवाले त्याची टिंगल करीत, की हा न कापणारे चाकू शोधणारा गृहस्थ. पहिल्या मालाबाबत ते फारसे खोटेही नव्हते. अशा पोलादाला पाणी देण्याची रीत बसायला वेळ लागला. आज ते पोलाद उत्तम होते. कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने तेच घ्यावे. आमच्या बाजूला, जिथे पावसाळा सोडला तर हवा कोरडी आहे आणि शिकलगार अजून भेटतो, तिथे मी साध्या पोलादाच्या बाजूचा आहे. कडकपणा रॉकवेल मापावर ५४ ते ५८ असला की खिशातल्या चाकूला पुरे. त्याहून कडक पाते धार अधिक दिवस धरते खरे, पण ते लावायला घरचा दगड पुरत नाही आणि वाकडा जोर पडला तर टवका उडतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही पोलादांना लागू. कोरड्या चाकावर जोर करून धार लावली तर पाते तापते. कडेला निळी झाक दिसली की समजावे, तिथले पोलाद तीनशे अंशांच्या घरात गेले आणि कारखान्यात दिलेले पाणी उतरले. पुढे ती कड कितीही घासा, मऊच राहणार. चाचा दर दोन घासांनी पाते पाण्यात बुडवतात. विजेच्या चाकावर मिनिटात चाकू परत देणाऱ्याकडे कधी देऊ नये. सुऱ्या खराब होतात त्या वापराने कमी आणि अशा धारेने जास्त.

स्विस सैनिकांच्या चाकूची कथा या बाबतीत शिकण्यासारखी आहे. त्या देशाच्या सैन्याला १८८९ साली नवी बंदूक मिळाली. ती सोडवायला पेचकस लागे, आणि शिधा डब्यांतून येई. म्हणून सैनिकासाठी पाते, पेचकस, डबा फोडायची आकडी आणि टोच्या एवढे असलेला चाकू ठरला. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावा लागला. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये इबाख इथे कारखाना काढला होता. त्याने १८९१ पासून सैन्याला आपल्या देशातला चाकू पुरवायला सुरुवात केली. धंद्यात तो जवळजवळ बुडाला होता. मग १८९७ मध्ये त्याने दोन कमानींवर सहा अवजारे बसवलेला हलका चाकू नोंदवला, तोच पुढे लाल मुठीने जगभर गेला. आज त्या घराण्याच्या चाकूत चिमटा, कात्री, भिंग काय वाटेल ते मिळते. पण मूळ चाकूत जे होते ते बंदुकीने आणि डब्याने ठरवले होते. पुतण्याला मी एवढेच विचारले, "दिवसभरात तू काय काय कापतोस?"

त्याने मोजले. प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, ठिबकची नळी, खताच्या पोत्याची शिवण, वाळलेली फांदी, दुपारचा कांदा. आणि कलमाची काडी.

"काडी सोडून दे," मी म्हणालो. कलमाचा चाकू वेगळाच हवा. त्याची धार एका अंगानेच घासलेली असते, म्हणजे काप सपाट पडतो आणि काडी खुंटावर चिकटून बसते. तो चाकू झाडावरून झाडावर नेताना स्पिरिटने पुसायचा असतो, नाही तर एका झाडाचा रोग दुसऱ्याला. ज्या पात्याने नळी कापली, पोते फाडले, त्याने कलम बांधणे म्हणजे कोळसे फोडलेल्या हातांनी सोवळे नेसणे. तेव्हा दोन चाकू घे. कलमाचा पेटीत, रोजचा खिशात. रोजच्याला चांगले एकच पाते असले तरी पुरते.

लांबीचे गणित सोपे आहे. मूठ चार बोटांत मावली पाहिजे, पाचवे बोट बाहेर लटकता कामा नये. अशा मुठीत पाते अडीच-पावणेतीन इंचांचे बसते. एवढ्याने कांदा, पेरू, आंबा सगळे चिरता येते. शंभर ग्रॅमांहून जड चाकू आठवड्याने घरी राहतो, खिसा फाटतो ते वेगळेच. मोबाइलवर दिसणारे काळ्या पात्याचे, दात्यांच्या धारेचे, युद्धाला निघाल्यासारखे चाकू पुतण्याला आवडले होते. दात्यांची धार दोर झटकन तोडते हे खरे. पण ती बोथट झाली की चाचांच्या चाकावर लागत नाही. एकेक दाता बारीक कानशीने घासत बसावे लागते. मुठीला म्हशीचे शिंग सुंदर दिसते, उन्हाने मात्र आक्रसते. लाकूड हाताला सर्वांत बरे, पण भर पावसाळ्यात फुगून पाते जखडून धरते. तेल पाजलेले असले तर कमी. प्लॅस्टिकला हे काहीच होत नाही आणि त्याच्यावर कुणाचे प्रेमही बसत नाही.

आता तिसरे कलम. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे नियम २०१६ चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे त्या नियमांच्या यादीत येतात; घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. पावणेतीन इंचांचा चाकू त्या मापाच्या आसपासही नाही. तरी सीमेवरच्या माणसाने थोडे अधिक जपावे. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचे गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आमचे देवचंद कॉलेज मात्र अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. पोरगा सकाळी एका राज्यातून निघतो आणि वर्गात बसतो दुसऱ्या राज्यात. पोलीस दोन, त्यांचे अधिनियम दोन. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमाखाली जमावबंदीबरोबर हत्यारबंदीचेही हुकूम निघतात, आणि तेव्हा पात्याची लांबी मोजत बसायला कुणाला सवड नसते. दर वर्षी १ नोव्हेंबरच्या आसपास कोगनोळीच्या नाक्यावर बंदोबस्त असतो. अशा दिवशी, मिरवणुकीला, सभेला, मतदानाला जाताना चाकू घरी ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. वजन करून द्यायच्या सामानात घालावा. एरवी "चाकू कशाला?" असे कुणी विचारले तर "पोती उसवायला" हे उत्तर खरे असावे, म्हणजे आवाज चढत नाही.

निगेचे दोन शब्द. ओल्या तंबाखूच्या पानाचा चिकटा पात्याच्या मुळाशी जाऊन बसतो आणि चाकू उघडेना होतो. कोमट पाणी आणि साबण पुरतात, पण नंतर उघडा ठेवून पूर्ण वाळवायला हवा. खिळ्याला थेंबभर तेल द्यावे, ते शिवणयंत्राचे. खोबरेल देऊ नये. चोवीस अंशांखाली ते गोठते, आणि थंडीत निपाणीचा पारा त्याच्या पुष्कळ खाली जातो. सकाळी चाकू उघडताना नख तुटते. धार लावताना पाते दगडावर वीसेक अंशांनी तिरके धरावे. काटकोनाचे निम्मे, त्याचे पुन्हा निम्मे, एवढे डोळ्यांनी धरले की जमते.

शेवटी पुतण्याचा चाकू आला कच्छहून. भुजजवळची रेहा ही गावे चाकू आणि सुडी यांसाठी पिढ्यान्पिढ्या ओळखली जातात. सुडी म्हणजे आपला अडकित्ता. आमच्या ओळखीचे लाकडाच्या वखारीतले कच्छी पटेल गावी निघाले होते. त्यांनी येताना चार चाकू आणले आणि सांगितले, हवा तो ठेवा, उरलेले मी वाटून टाकीन. पुतण्याने चारही मिटून पाहिले. एक लुळा पडला. एकाचे पाते एका अंगाला घासत होते. उरलेल्या दोघांतला एक त्याने निवडला. साधे पोलाद, पितळी टोप्या, शिसवी मूठ, पाते माझ्या मधल्या बोटाएवढे. पटेलांनी तो हातात दिला नाही. मेजावर ठेवला, आणि मग याने उचलला. हातातून हातात चाकू दिला तर भांडण होते हे कच्छातही मानतात, हे मला त्या दिवशी कळले. उरलेला चांगला चाकू मी ठेवून घेतला.

दिवस कैऱ्यांचे होते. आठ दिवसांत पुतण्याच्या पात्यावर काळे-निळे ढग उमटले. तो राख आणि काथ्या घेऊन घासायला बसला, मग काय वाटले कोण जाणे, उठून चाचांकडे गेला. चाचांनी पाते उन्हात धरून पाहिले.

"काळं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तांबडं दिसलं तर ये."